वारंटाची एक्सपायरी

नरसिंगच्या कडब्याच्या गंजीत एक पोकळी होती. सव्वादोन फूट रुंद, बसलेल्या माणसाच्या पाठीइतकी गोल. दरसाल गंजी नवी रचताना तो एवढी जागा राखायचा. आताशा शेजारच्या साखराबाईची कोंबडी तिथंच अंडी घालायची.

रस्त्यावर चारचाकी वाजली की नरसिंग पोकळीत. मग गाडी पोलिसांची असो की दुधाची. शेतशेजारी ईश्वरप्पानं बांधावर साखराबाईचा हात खोऱ्याच्या दांड्यानं मोडला, ते पाहणारा नरसिंग एकटाच. त्यानं साक्षीचे समन्स चुकवले, तेव्हा कोर्टानं त्याच्याच नावानं वारंट काढलं.

आज मात्र तो दाढी करून ओट्यावर बसला होता.

"तीन वर्सं भरली. वारंट बाद," तो पुतणीला म्हणाला. लुंबिनी लातूरला वकिली शिकत होती.

"बाद कसं होईल, काका?"

"फवारणीच्या औषधाला दोन वर्सं, वारंटाला तीन. मंग निस्तं पाणी."

"वारंटाला तारीख नसते. पोलिसांनी बजावलं तर संपतं, न्हाईतर काढलेल्या कोर्टानं रद्द केलं तर. तवर जित्तं."

"म्या म्हातारा झालो तरी?"

"हाव."

"मंग गंजीवर पत्रे टाकून घ्या," चुलीपुढून त्याची बायको नागुबाई म्हणाली. "घरकुलात नाव लावू."

"पण तीन वर्सं सांगितली कुणी?" लुंबिनीनं विचारलं.

"ईश्वरप्पानं. त्याला कोर्टाची लई माहिती हाय. दर तारखेला जातो."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"अन् येताना जळकोटात भजी खातो," नागुबाई म्हणाली. "मारणारा भज्यात, बघणारा कडब्यात."

"तुला बोलाया काय जातंय? पाणी त्याच्या बोअरचं हाय. हरभरा फुलात हाय. उद्या पाईप तोडला तर?"

तेवढ्यात साखराबाई अंडी न्यायला आली. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. डाव्या हातानं एकेक करून तिनं पाच अंडी पदरात घेतली.

"आज भायेर कसे, दादा? जागा गार पडली म्हून कोंबडी तक्रार करून राहिली."

नरसिंगनं मान खाली घातली. लुंबिनी हसता हसता थांबली.

रस्त्यावर चारचाकी वाजली. नरसिंग सवयीनं उठला, गंजीकडं दोन पावलं गेला, अन् थांबला. गाडी दुधाची निघाली. तो परत येऊन ओट्यावर बसला.

"आक्का," तो साखराबाईला म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं कोर्टात चाललो. वारंट रद्द करून घेतो, अन् बांधावर पाहिलं ते सांगतो."