शूटिंगपुरती टिकली

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ओंजळ मसाल्यांचा कारखाना कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. नाकाला झिणझिण्या आल्या की समजावं, गेट आलं. चंद्रप्रकाश आत शिरला तो शिंकतच. वॉचमन हसला. "नवीन दिसता. आम्हाला तर घरी गेल्यावर चुकल्यासारखं होतं."

कंपनीला पंचवीस वर्षं झाली होती. त्यासाठी संक्रांतीचं मोठं हळदीकुंकू कारखान्याच्याच हॉलमध्ये ठरलं होतं. दुकानदारांच्या घरच्या बायका, अंधेरीतल्या महिला मंडळांच्या बायका आणि कारखान्यातल्या सगळ्या कामगार बायका येणार होत्या. व्हिडिओ शूटिंगचं काम चंद्रप्रकाशला मिळालं होतं. रत्नप्रभा, त्याची बायको, गेल्यापासून त्याने कॅमेरा बॅगेतून बाहेर काढला नव्हता. त्याने शूट करायचं आणि तिने मुलुंडच्या घरी बसून ते जोडायचं, असा त्यांचा संसार होता. आता निम्मा धंदा आणि पूर्ण घर रिकामं झालं होतं.

कार्यक्रम बसवणारा मुकुल हॉलमध्ये वाट बघत होता.

"एक कॅमेरा स्टेजसमोर, एक माझ्या खांद्यावर आणि एक क्रेनवर," चंद्रप्रकाश म्हणाला. "पश्चिमेच्या खिडक्यांना काळे पडदे लावा, नाहीतर बायकांची तोंडं काळी येतील. आणि उखाण्यांसाठी माइकची वेगळी लाइन द्या."

"झकास! चंदूभाऊ, तुम्ही सांगाल तसं. सगळं मोठ्या पडद्यावर लाइव्ह. पाच सुवासिनी समई लावणार आणि लगेच फिल्म चालू."

"कसली फिल्म?"

"वसुधाताईंची. पॅकिंगच्या सुपरवायझर आहेत. नवरा इथेच टेम्पो चालवायचा, पाच वर्षांपूर्वी अपघातात गेला. एकटीने मुलीला नर्स केलं. काय स्टोरी आहे यार! हॉल रडला पाहिजे." मग त्याने आवाज खाली आणला. "एकच सांभाळा. कार्यक्रमात त्या फ्रेममध्ये नकोत. मागे खांबाजवळ बसवतोय त्यांना. क्रेन तिकडे वळवू नका."

"फिल्म त्यांची, आणि फ्रेममध्ये त्याच नकोत?"

"हळदीकुंकू आहे ना भाऊ. समजून घ्या."

मालकीणबाई सुनंदावहिनी मागून आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. "आमच्या घरात असलं काही मानत नाहीत हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पण बाहेरच्या बायका येणार. कुणाला खटकलं तर उगाच ब्रँडचं नाव खराब."

चंद्रप्रकाशच्या तोंडाला कडवट चव आली. हळदीच्या धुळीची असेल, असं म्हणून त्याने पाणी मागितलं.

फिल्मचं शूटिंग दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या खोलीत झालं. वसुधा अंगाने सडपातळ, चालण्यात झपाटा असलेली बाई. कुडाळकडची. खुर्चीवर बसता बसता तिने एका पोरीला दटावलं, "अगं, तोंडाला फडकं बांध आधी. शूटिंग माझं आहे, तुझं नाही."

मुकुलने कॅमेऱ्याच्या पडद्यात बघून तोंड वाकडं केलं. "कपाळ फार रिकामं वाटतंय. जाहिरातीत पण वापरणार आहोत ना हे. वहिनी, एक टिकली?"

"लावा की," सुनंदावहिनी म्हणाल्या. "घरची बाई वाटली पाहिजे."

मेकअपवाली टिकल्यांचं पाकीट घेऊन पुढे आली. वसुधाने आधी तिच्याकडे आणि मग वहिनींकडे पाहिलं. "मी लावत नाही, वहिनी. तुम्हाला माहीत आहे."

"अगं, शूटिंगपुरती! एवढं काय त्यात?"

टिकली लागली. वसुधाच्या चेहऱ्यात असा काही बदल झाला की चंद्रप्रकाशने डोळा कॅमेऱ्यापासून बाजूला घेतला.

मुकुल प्रश्न विचारू लागला. वसुधा कामाबद्दल सांगत होती. बुरशी आलेली हळद वासावरून कशी ओळखायची, नव्या पोरींना पाकीट सील करताना बोटं कशी सांभाळायला शिकवायची. तिच्या डोळ्यांत चमक होती. मुकुलला ती नको होती.

"ताई, ते राहू दे. तो दिवस सांगा. फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

वसुधा पदराच्या टोकाच्या घड्या घालू लागली.

"त्यांना ओळखलंत कशावरून?"

"पुरे," चंद्रप्रकाश म्हणाला.

"अहो, आत्ताच तर येतंय! कॅमेरा चालू ठेवा." मुकुल खुर्ची आणखी जवळ ओढून बसला. "सांगा ना ताई. कशावरून?"

"चपलेवरून," वसुधा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मुकुलने अंगठा वर करून दाखवला. सुनंदावहिनींनी पदराने डोळे टिपले.

कॅमेरा बंद झाल्याबरोबर त्याच वहिनी म्हणाल्या, "छान झालं गं. काढ आता ती टिकली. बाहेर पोरी बघतील आणि भलतंच बोलतील."

वसुधाने नखाने टिकली काढली. कुठे टाकावी ते न सुचून भिंतीवरच्या आरशाला चिकटवली आणि डोळे न पुसताच मशीनवर गेली. मसाल्याच्या कारखान्यात डोळ्यांतलं पाणी कुणी विचारत नाही.

घरी आल्यावर चंद्रप्रकाश तोंड धुवायला मोरीत गेला. तिथल्या आरशावर रत्नप्रभाच्या टिकल्या अजून तशाच होत्या. रोज रात्री एक काढून ती तिथे लावायची. त्याने तो आरसा वर्षभर पुसला नव्हता. दाढी करताना मान वाकडी करून त्या टिकल्यांच्या मधून तो स्वतःला बघायचा.

आज त्याला पहिल्यांदा वाटलं, आपल्या कपाळावरून काय गेलं? काहीच नाही. बायको गेल्यावर मेहुण्याच्या वास्तुशांतीला त्याला पहिल्या पंगतीत पाटावर बसवलं. पुतण्याच्या लग्नात अक्षता वाटायला पुढे केलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एका काकूने स्थळही आणलं. कुणी खांब दाखवला नाही. दुःख तेच होतं. मग शिक्षा एकीलाच का?

रत्नप्रभा लग्नाच्या फिल्म जोडताना दारात उभी राहिलेली एखादी काकू किंवा मावशी शोधून काढायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी तो तुकडा ठेवायची. म्हणायची, "अहो, तिने पण सकाळपासून लाडू वळलेत."

हळदीकुंकवाच्या दिवशी हॉल फुलून गेला. कामगार बायकांना कंपनीने एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या होत्या. वसुधालाही दिली होती, पण बिस्किटी रंगाची. ती खांबाजवळ बसली होती. तिच्या हाताखालच्या पोरी येता जाता तिच्याकडे बघत होत्या आणि नजर चोरत होत्या.

"कॅमेऱ्याची पूजा करून सुरुवात करू या," सुनंदावहिनींनी माइकवर जाहीर केलं. केबल जोडलेली होती. स्टेजसमोरचा कॅमेरा जे बघत होता ते मोठ्या पडद्यावर दिसत होतं. त्यांनी चांदीची कुयरी चंद्रप्रकाशच्या हातात दिली. "घ्या भाऊ, तुमच्या हाताने हळदकुंकू लावा मशीनला. तुमचं शस्त्र आहे ते."

चंद्रप्रकाशने बोट कुंकवात बुडवलं. समोर कॅमेऱ्याचं लोखंडी तिकाटणं होतं. बोट तसंच राहिलं.

"वहिनी, माझी बायको वारली," तो म्हणाला. माइक जवळच होता. आवाज हॉलभर गेला. "वर्ष झालं."

"अरेरे... माहीत आहे हो. पण त्याचं आत्ता काय?"

"तेच विचारतोय. मला चालतं. या लोखंडाला चालतं. मग त्या खांबाजवळ बसल्यात त्यांना का नाही?"

हॉलमधल्या माना खांबाकडे वळल्या. मुकुल धावत आला. "चंदूभाऊ, वाट लावाल का माझी? परत काम मिळणार नाही तुम्हाला, सांगून ठेवतो."

"नाही मिळालं तर नाही."

"भाऊ, भावना समजते," सुनंदावहिनी हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "वसुधाचा आम्ही मानच करतोय. तिच्यावर फिल्म आहे ना."

खांबाजवळ खुर्ची सरकली. वसुधा उठली. बायकांच्या रांगांमधून ती सरळ पुढे आली. "ती फिल्म लावायची नाही," ती म्हणाली.

"अगं, असं काय करतेस?"

"त्यात टिकली लावलेली बाई आहे. ती तुम्हाला चालते. मी चालत नाही. माझ्या घोवाची चप्पल दाखवून मसाला विकू नका, वहिनी."

"वसुधा, नोकरीचा विचार कर."

"केलाय. पाच वर्षं केलाय." मग तिचा आवाज चढला आणि गावची बोली तोंडात आली. "कपाळ माझा आसा. तेच्यार काय लावूचा आणि काय नाय, ता मी ठरवतलंय!"

तिने चंद्रप्रकाशपुढे हात केला. "द्या ती कुयरी."

त्याने दिली. कॅमेऱ्याच्या समोर उभं राहून, आरशात बघावं तसं भिंगात बघत, तिने स्वतःच्या हाताने कपाळावर कुंकू लावलं. मोठ्या पडद्यावर ते कपाळ भिंतीएवढं दिसलं. कुंकू जरा तिरकं लागलं होतं. मग वळून तिने पहिल्या रांगेतल्या हिरव्या साडीपुढे कुयरी धरली. त्या पोरीने आधी मालकिणीकडे पाहिलं. मग डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

"पडदा बंद करा!" मुकुल ओरडला. कुणीतरी वायर उपसली. महिला मंडळाच्या दोघीतिघी पदर सावरत उठून गेल्या. बाकीच्या गेल्या नाहीत, पण पुढेही आल्या नाहीत. मांडीवर वाण घेऊन, काय होतंय ते बघत बसून राहिल्या.

चंद्रप्रकाशला त्या उठून गेलेल्यांपेक्षा या बसून राहिलेल्यांचीच किळस जास्त आली.

त्याला दुपारीच हॉलबाहेर काढलं. वसुधाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं होतं. "बघू," ती गेटवर म्हणाली. "काढलं तर काढलं. हळद ओळखता येते मला, कुठेही जाईन." तिने कुंकू पुसलं नव्हतं.

तेव्हापासून चंद्रप्रकाश काम घेताना कॅमेरे किती लागतील हे नंतर सांगतो. आधी सांगतो, माझ्या फ्रेममधून कुठलीही बाई वगळली जाणार नाही, पटत असेल तर बोला. बरेच जण फोन ठेवतात. त्याचं चालतंय कसंबसं.

यंदाच्या संक्रांतीला तुमच्याही घरी वाण लुटलं जाईल, फोटो निघतील. ते फोटो नंतर नीट बघा. तिळगूळ जिने वळला ती त्यात आहे का? नसेल, तर तिला खांबाजवळ कुणी बसवलं?