दहा किलो, तीस किलो

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. खिळे-स्क्रूच्या दुकानातला, गल्ल्याशेजारचा, तेलकट बोटांनी काळवंडलेला. कारखान्यातून आलो तेव्हा माझी बटणं पांढरीशुभ्र होती; आता त्यांवरचे आकडेही पुसट झालेत. जे दाबाल तेच मी दाखवतो, आणि लोक म्हणतात, "मशीन खोटं बोलत नाही." या वाक्याची मला मनापासून चीड येते.

माझे मालक हिशेबाला वाघ. घरात कुणाचंही गणित असो, शेवटचा आकडा त्यांनीच काढायचा, हा त्या घरचा शिरस्ता.

त्यांची धाकटी कॉलेजात होती. पहिलं वर्ष अर्धं दवाखान्यात गेलं, म्हणून विषय थोडेच झाले: दहा क्रेडिट, ग्रेडची सरासरी सहा. दुसऱ्या वर्षी पोरीने कंबर कसली: तीस क्रेडिट, सरासरी आठ. पुढच्या अभ्यासक्रमाला दोन्ही वर्षांची मिळून साडेसात सरासरी लागत होती. फॉर्म घेऊन ती दुकानात आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

मालकांनी मला पुढ्यात ओढलं. सहा अधिक आठ, भागिले दोन. मी सात दाखवले. दुसरं काय दाखवणार?

"पण बाबा, क्रेडिटही धरायचे असतात ना?"

"वर्षं दोन, म्हणून दोनाने भागलं. त्यात आणखी काय धरायचं? सात म्हणजे सात. मशीन खोटं बोलतंय का? उगाच फॉर्म भरून हसं करून घेऊ नकोस."

तिने फॉर्मची घडी घातली. बाबांचा हिशेब चुकत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. मी आतल्या आत तडफडलो. फॉर्मची मुदत संपली, मैत्रिणी पुढे शिकायला गेल्या, आणि ती माझ्याशेजारी गल्ल्यावर बसू लागली.

काल माल आला. दहा किलो खिळे साठच्या भावाने, तीस किलो ऐंशीच्या.

"सरासरी भाव काढ गं," मालक म्हणाले. "आणि नुसती साठ-ऐंशीची बेरीज करून निम्मं करू नकोस. सत्तर येतील आणि आपण बुडू. कुठल्या भावाने किती किलो घेतले, ते धरायचं असतं. आधी गुण, मग चाळिसाने भाग."

तिने गुणलं, भागलं. पंच्याहत्तर. तिची बोटं तिथेच थबकली. मग तिने मला कोरं केलं आणि पुन्हा दाबू लागली. दहा सक साठ, तीस आठे दोनशे चाळीस, बेरीज तीनशे, भागिले चाळीस.

तिने माझं तोंड मालकांकडे फिरवलं. त्यांनी चष्मा सावरला.

"साडेसात? दशांश चुकला की गं. पंच्याहत्तर हवेत."

"नाही बाबा," ती म्हणाली. "हा खिळ्यांचा भाव नाही."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला बंद केलं.

आज मला कुणी हात लावलेला नाही. माझं एवढंच मागणं आहे: माझी बटणं दाबण्याआधी, शेजारी उभी असलेली पोर काय विचारतेय ते ऐकून घ्या.