रविवारी काय शिजतं?

कल्लप्पांनी जर्मनीचा निषेध करायचं ठरवलं, त्याचा जर्मनीला पत्ता नव्हता. पण अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला होता. दारात फ्लेक्सच लावला होता: ‘परदेशातील वर्णद्वेषाचा जाहीर निषेध. रविवारी सभा. प्रमुख वक्ते – कल्लप्पा.’ फोटोत कल्लप्पा फेटा बांधून हसत होते. निषेधाला हसायचं कशाला, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

कारणही तसंच होतं म्हणा. त्यांचा मुलगा प्रभु तिकडं नोकरीला. घरमालकीण त्याला म्हणाली, ‘मुलगा गुणी आहेस, तक्रार नाही. पण तुझ्या स्वयंपाकाचा वास भिंतीत मुरतो. आमच्या घराची एक रीत आहे.’ आणि खोली खाली करायला लावली. वास कसला, तर गुरम्माबाईंनी डबा दाबून भरलेल्या शेंगाचटणीचा आणि लसणाच्या फोडणीचा. बायकोच्या हातच्या चटणीला नावं ठेवलेली ऐकून कल्लप्पांचं डोकंच फिरलं. “मानसाला त्याच्या ताटावरनं हाकलायचं? ही काय मानुसकी झाली?” दिसेल त्याला धरून ते हेच विचारत होते.

त्या कडाक्याच्या थंडीत प्रभुला आसरा दिला मोहोळच्या अभिमन्यूनं. त्याच्याच ऑफिसातला पोरगा. पलंग प्रभुला दिला आणि स्वतः खाली अंथरूण टाकलं. कल्लप्पा फोनवर गहिवरून त्याला म्हणाले होते, “बाळा, तू माझा दुसरा लेकच की. सोलापुरात काय बी लागलं तर माझं घर तुझंच.”

आणि लागलं की हो! अभिमन्यूची बहीण ऋतुजा सोलापुरात एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. कल्लप्पांची वरची खोली रिकामी, दवाखाना चालत जाण्याजोगा. रात्रपाळी करून येणाऱ्या पोरीला आणखी काय पाहिजे? सभेच्याच रविवारी, दुपारच्या चहाला, आई बजाबाईंना घेऊन ती आली. गुरम्माबाईंनी गूळ-पाणी दिलं, प्रभुला व्हिडिओ कॉल लावला. मायलेकींनी अभिमन्यूला डोळे भरून बघून घेतलं. मग फोन तांब्याला टेकवून गुरम्माबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि तो तसाच चालू राहिला.

कल्लप्पा भाडेकरूला जात विचारत नसत. छे, असला मागासपणा त्यांच्याकडं नव्हता. ते एवढंच विचारायचे, तेही हसत, “मग, रविवारी काय शिजतं घरात?” तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं. धूर्त माणसं वांग्याची भाजी सांगून मोकळी व्हायची. ऋतुजा काही धूर्त नव्हती.

“मटण,” ती म्हणाली. “आई लई झणझणीत करते, काका.”

कल्लप्पांचं हसू तिथंच वाळलं. “पोरगी गुणी हाय, बजाबाई, तक्रार न्हाय. पन वास भिंतीत मुरतो बगा. आमच्या घराची एक रीत हाय.”

बजाबाई उठल्या. ऋतुजा बसून राहिली. “काका, पण तुमच्या दारातल्या फ्लेक्सवर तर...”

“ते येगळं. तो वर्णद्वेष. ही आपली संस्कृती. तुमी आजकालची पोरं परदेशी चष्म्यातनं बगताय, म्हनून तुमाला आपल्याच मानसात खोट दिसती.”

“अप्पा,” तांब्याजवळून आवाज आला. “क्षणभर वाटलं, माझी घरमालकीण मराठी शिकली.”

कल्लप्पांनी फोन उचलला. पडद्यावर प्रभुचं तोंड उतरलेलं होतं. “अप्पा, इथंही रविवारच आहे. अभिमन्यूनं मटण केलंय. पण त्याआधी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात पिठलं केलं. मला काही विचारलं नाही त्यानं. आता मी ह्याच्या पलंगावर कुठल्या तोंडानं झोपू?”

मागून अभिमन्यूचा आवाज आला, “प्रभु, जेवून घे आधी. गार होतंय.” त्यानं सगळं ऐकलं होतं.

गुरम्माबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडं न बघता त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून ऋतुजाच्या हातात ठेवली. ऋतुजानं ती परत तांब्याशेजारी ठेवली.

“नको, काकू. ह्या भिंतींत आधीच लई काय काय मुरलंय.”

मायलेकी मोहोळच्या एसटीला गेल्या. आता पोरीला रात्रपाळी संपवून रोज तेवढं अंतर तोडायचं होतं. गुरम्माबाईंनी चहा मोरीत ओतून दिला.

संध्याकाळी सभा मात्र झाली. फेटा बांधलेला, माणसं जमलेली, मागं कसं फिरणार? कल्लप्पांनी जर्मनीला धू धू धुतलं. टाळ्याही पडल्या. मग पहिल्या रांगेतून महेश्वरनं काळजीनं विचारलं. तो त्यांचा जुना दोस्त, त्याच्याही घरात भाडेकरू होते, आणि भाडेकरू पारखायचा तो प्रश्न तो कल्लप्पांकडूनच शिकला होता.

“कल्लप्पा, पोरगं आता ज्याच्याकडं ऱ्हातंय, त्या घरात रविवारी काय शिजतं?”

कल्लप्पांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला.

“पिठलं,” ते म्हणाले. “येगळ्या पातेल्यात.” आणि खाली बसले.