बोट लाव, मग पाट ठेव

कल्पना करा, तुम्ही जोह्याच्या एका कारखान्यात उभे आहात. कारखाना म्हटल्यावर धुराडं आणि भोंगा डोळ्यांपुढे आणू नका. जोहे हे पेणजवळचं मूर्तिकारांचं गाव, आणि तिथे गणपती घडवायच्या लांबलचक शेडलाच कारखाना म्हणतात. बाहेर भातखाचरं, आत फळ्यांवर ओळीने बसलेल्या पांढऱ्या मूर्ती. तुमच्या काखेत घरचा पाट आहे. आधी पाट नेऊन ठेवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा, ही इकडची रीत. मूर्तिकार विचारतो, यातला कुठला? तुम्ही इकडे बघता, तिकडे बघता. सगळेच छान. म्हणून तुम्ही म्हणता, "कुठलापण चालेल."

असं म्हणालात, तर शिवा तुमचा पाट घेणार नाही.

शिवा मूर्तिकार तसा गमत्या माणूस, पण या एका बाबतीत हट्टी. 'कुठलापण चालेल' म्हणणारं गिऱ्हाईकच चतुर्थीच्या आदल्या दिवशी तोंड पाडून येतं, हा त्याचा अनुभव. पितांबर पिवळा हवा होता, उंदीर जरा मोठा हवा होता, आणि घरचे आता बोलतायत. म्हणून तो गिऱ्हाइकाला फळीपुढे उभं करायचा आणि म्हणायचा, "बोट लाव. बोट लावल्याशिवाय पाट ठेवून घेत नाय." लोक हसायचे, वैतागायचे, पण शेवटी बोट लावायचे.

आता गंमत बघा. याच शिवाच्या घरात एक मुलगी वाढत होती, जी उठल्यापासून झोपेपर्यंत 'चालेल' म्हणायची. तिचं नाव भूमिका. फ्रॉक लाल की हिरवा? कुठलापण चालेल. मग उरलेला हिरवा तिच्या अंगात चढायचा, तोही एक माप मोठा. भाजी भेंडीची की कारल्याची? चालेल. ताटात कारलं यायचं, आणि ती डोळे मिटून गिळायची. तिला आवडनिवड नव्हती असं नाही. भरपूर होती. पण आपण एक म्हटलं की दुसऱ्याला वाईट वाटेल, असं तिला वाटायचं. कारल्यालाही वाईट वाटेल असं वाटत असावं.

ती सातवी पास झाली आणि प्रश्न आला आठवीचा. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढे दोन वाटा होत्या. रोज एसटीने पेणला जायचं, नाहीतर रोह्याला हौसाआत्याकडे राहून तिथल्या शाळेत जायचं. शिवाला वाटलं, पोरीची बसच्या गर्दीत रोज दमछाक कशाला? रंग कालवता कालवता त्याने तिला विचारलं, आत्याकडे जाशील का? भूमिका काय म्हणाली असेल, ते तुम्हाला कळलंच.

तिच्या मनात मात्र भलतंच होतं. त्या उन्हाळ्यात बाबांनी तिला पहिल्यांदा बारीक ब्रश हातात दिला होता. मूर्तीचे डोळे आखणं हे कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम. शिवा डोळा आखायचा, मग एक पाऊल मागे सरून मान वाकडी करून बघायचा, मग दुसरा. "या हंगामात वीतभर उंचीच्या मूर्तींचे डोळे तू आखायचेस," असं तो तिला म्हणाला होता. पेणच्या शाळेतून संध्याकाळी घरी येता आलं असतं. रोह्याहून येता आलं नसतं. एवढं साधं होतं, पण ते तिच्या तोंडातून बाहेर येईना.

मे महिन्यात तिला आत्याकडे पाठवलं. सवय व्हावी म्हणून. आत्या राहायची रोह्याला लागून असलेल्या वरशाला. आत्याचे दोन्ही मुलगे नोकरीला लांब आणि आत्याचा नवरा कान्हूमामा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे घर रिकामं रिकामं. भाची येणार म्हणून आत्या इतकी हरखली होती की तिने जुन्या टेबलाला स्वतः निळा रंग दिला आणि ते खिडकीपाशी ठेवलं. "कसं हाय गो?" तिने विचारलं. भूमिका म्हणाली छान आहे, आणि टेबल खरंच छान होतं. त्यामुळे तर तिला आणखीच कसंतरी झालं.

आत्याने तिला सुट्टीपुरतं दीनाबाईंच्या वर्गाला घातलं. दीनाबाई म्हणजे इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं घर रोह्यात, नदीच्या अंगाला. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. त्यांचे बहुतेक नातेवाईक कधीच इस्रायलला गेले, बाई राहिल्या. त्यांच्या ओसरीवर पाचसहा मुलं बसायची. शनिवारी वर्ग नसे, कारण तो बाईंचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार. एरवी वर्गाची एकच अट होती. बोललेलं वाक्य खरं असलं पाहिजे. पुस्तकातला राम आंबा खातो की नाही, याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं.

त्या शुक्रवारी बाईंनी धडा काढला इच्छांचा. जे नाही, पण असतं तर बरं झालं असतं, ते इंग्रजीत कसं सांगायचं. फळ्यावर लिहून त्यांनी वाचून दाखवलं, "आय विश आय हॅड अ सायकल."

साहिल नावाचा एक मुलगा होता. त्याला प्रश्न पडल्याशिवाय राहत नसत. तो म्हणाला, "बाई, हॅड म्हणजे होती. सायकल तर माझ्याकडे कालपण नव्हती. मग हॅड कसं?"

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, हा प्रश्न मला मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत. मग त्यांनी त्याला विचारलं, ही इच्छा तू मराठीत कशी सांगशील? साहिल म्हणाला, माझ्याकडे सायकल असती तर मी धाटावपर्यंत गेलो असतो. "बघ," बाई म्हणाल्या, "'आहे' सोडून तू 'असती'वर गेलास. तुला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या हातात जे नाही, ते सांगताना आपणही क्रियापद बदलतोच. इंग्रजी माणूस त्यासाठी 'हॅव'चं 'हॅड' करतो. ते कालचं नव्हे. खऱ्यापासून फक्त एक पाऊल मागे सरलेलं."

एक पाऊल मागे. भूमिकाला बाबा दिसले, ब्रश धरून मागे सरणारे, मान वाकडी करणारे. तिने आपसूक मान वाकडी केली.

मग मुलं सुटलीच. कुणाला पंख हवे होते, कुणाला मोठा भाऊ. साहिल म्हणाला, "इफ आय वेअर बाई, आय वुड गिव्ह हॉलिडे." बाईंनी 'वेअर' बरोबर म्हणून त्याला शाबासकी दिली आणि सुट्टी दिली नाही.

पुढे आलं 'वुड रादर'. दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि आपल्याला कुठली हवी ते सांगायचं. बाईंनी विचारलं, आंबा की फणस? सगळ्यांनी भराभर वाक्यं केली. भूमिकाची पाळी आली.

"बाई, मला दोन्ही चालतील."

"दोन्हीचं वाक्य होत नाही गं यात."

"मग कुठलंपण चालेल."

साहिल म्हणाला, हिला फणसाचं साल दिलं तरी चालेल. मुलं खो खो हसली, भूमिकाही हसली, पण तिचे कान लाल झाले. बाईंनी रागावल्यासारखं केलं नाही. त्यांनी फळ्यावर मराठीत 'चालेल' लिहिलं आणि डस्टरने पुसलं. रविवारी येताना प्रत्येकाने दोन वाक्यं आणायची, म्हणाल्या, एक 'विश'चं आणि एक 'वुड रादर'चं. दोन्ही खरी.

तेवढ्यात शेजारच्या घरातून हाक आली. त्या काळी आळीत फोन एखाद्याच घरी असायचा. इस्रायलहून बाईंच्या भावाचा, आयझॅकचा फोन होता. लांबचा फोन म्हणून बाई मोठ्याने बोलत होत्या, त्यामुळे ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. भाऊ त्यांना कायमचं तिकडे बोलावत होता. बाई म्हणत होत्या, "तुझ्या दारासमोर घर असतं तर रोज तुझ्याकडे जेवायला आले असते रे. पण मला इथेच राहायला आवडेल." मग भावाने काहीतरी म्हटलं आणि बाई खळखळून हसल्या.

वर्ग सुटला. मुलं पांगली. भूमिका चपलेचा पट्टा उगाच काढत-घालत थांबली.

"बाई, त्यांना वाईट वाटलं असेल ना?"

"आयझॅकला? थोडं वाटतं. दर वर्षी वाटतं." बाईंनी फळा पुसायला घेतला. "आणि दर वर्षी तो पुन्हा फोन करतो. मी नुसतं 'बघू, बघू' म्हणत बसले असते, तर त्याने तिकडे माझ्यासाठी खोली बांधून ठेवली असती. मग जास्त वाईट वाटलं असतं."

भूमिकाच्या डोळ्यांपुढे निळं टेबल आलं. ती हळूच म्हणाली, "आय विश आय कुड पेंट द आईज." बाईंना कळेना कुणाचे डोळे, म्हणून तिने बाबांचं, ब्रशचं, आठवीचं, सगळं सांगितलं. मग श्वास घेऊन पुढचं वाक्य सुरू केलं. "आय वुड रादर गो टू पेण दॅन..." आणि 'दॅन'पाशी अडली. पुढचा शब्द रोहा होता आणि रोहा म्हणजे आत्या.

बाई म्हणाल्या, "उरलेलं मला नको सांगूस. ज्यांचं आहे त्यांना सांग. रविवारी मला येऊन सांगितलंस तरी पुरे."

शनिवारभर भूमिका निळ्या टेबलाशी बसून राहिली. आत्याला वाटलं, पोर काय अभ्यास करते.

रविवारी सकाळच्या गाडीने शिवा आला, आईने दिलेले पोह्याचे पापड घेऊन. शर्टाच्या खिशात नेहमीसारखा बारीक ब्रश खोचलेला. शाळेचं आजच ठरवून टाकू, असं म्हणून तो ओटीवर बसला. आत्याने आधी त्याला टेबल दाखवलं, मग खिडकी, मग खिडकीतून दिसणारी शाळेची वाट. शिवा हो हो करत होता. शेवटी त्याने मुलीकडे बघितलं.

"मग? राहशील ना गो हितं?"

"चा..." भूमिका म्हणाली आणि थांबली.

शब्द अर्धाच राहिला. आत्या वाट बघत होती. भूमिका टेबलाकडे बघत होती, मग बाबांच्या खिशाकडे, मग परत टेबलाकडे. शिवाने आयुष्यभर फळीपुढे उभी राहिलेली गिऱ्हाइकं बघितली होती. हे बघणं त्याच्या ओळखीचं होतं. तो हसला नाही. त्याने मांडी बदलली आणि कारखान्यात म्हणतो तसंच, पण हळू आवाजात म्हणाला, "बोट लाव."

भूमिका उठली. तिने हात पुढे केला आणि बाबांच्या खिशातल्या ब्रशला बोट लावलं.

"मला पेणची शाळा हवी," ती म्हणाली. "बसने जाईन. उभं राहून जायला लागलं तरी जाईन. संध्याकाळी मला डोळे आखायचेत."

मग भूमिका आत्याकडे वळली. आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आत्ये, तुझं घर जोह्यात असतं ना, तर मी तुझ्याकडेच राहिले असते. टेबल मला खरंच आवडलंय. ते कोणाला देऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीत मला हवंय."

हौसाआत्याने पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. वाईट तिला वाटलं, ते दिसलंच. मग ती शिवाला म्हणाली, "ऐकलंस? महिनाभर मी हिला इचारतेय, काय हवं, काय हवं. ही चालंल चालंल करते. आणि आज बोलली ती एकदम टेबल राखून ठेव म्हणते."

"गिऱ्हाईक पक्कं हाय," शिवा म्हणाला. "पाट ठेवून घे."

आत्या हसली, डोळे पुसत हसली. दिवाळीला आली नाहीस तर टेबलावर पोळ्या लाटीन, असा दम तिने भरला. मग सवयीने, उत्तराची वाट न बघता, ती स्वयंपाकघराकडे वळली आणि वळता वळता विचारलं, चहा की सरबत?

"आमसुलाचं सरबत," भूमिका म्हणाली. "मीठ कमी, साखर जास्त. आणि मोठ्या पेल्यात."

आत्या दारातच थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली. भूमिकाने सरबत उभ्या उभ्याच संपवलं, ओठांवरचा लाल रंग हाताने पुसला, चपला घातल्या आणि 'दॅन'च्या पुढचा शब्द सांगायला दीनाबाईंच्या ओसरीकडे धूम पळत सुटली.