श्रीयंत्राला ऐकू आलेली दारं

"परवाच्या एकादशीला," देवदत्त महाराज डोळे मिटून म्हणाले, "नंदकिशोरच्या घरचा फ्रिज दुपारी तीनदा उघडला. देवीआई सगळं बघते. मी नुसता तिचा स्पीकर."

टोकियोच्या निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये साठएक मराठी माणसं खो खो हसली. नंदकिशोर बिचारा उठून सांगत होता की गुडघा दुखत होता, बर्फ काढत होतो. ऐकतंय कोण? मग महाराज सुनीताताईंकडे वळले. "मंगळवारी अकरा दहाला बाहेर पडलात, पाऊण वाजता परतलात." ताईंनी मोबाइलमध्ये पाहिलं. दाताच्या डॉक्टरची वेळ साडेअकराची होती. त्या सरळ पायांवरच पडल्या.

महाराजांनी इमारतीच्या रक्षणासाठी लाल कापडात गुंडाळलेलं तांब्याचं श्रीयंत्र खाली प्रवेशद्वाराशी ठेवलं होतं. येता-जाता सगळे त्याला हात लावत. मीही लावत होतो. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला मी, रणजित, तोंड वर करून हे सांगतोय.

त्या दिवशी शेवटी माझ्या बायकोची पाळी आली. कश्मिरा तीन महिन्यांपूर्वी वृद्धाश्रमात नोकरीला लागली होती. चार वर्षं घरी बसल्यावर, रात्रंदिवस जपानी शिकून मिळवलेली नोकरी.

"नऊ ते पाच दार बंद," महाराज म्हणाले. "लक्ष्मी येते आणि परत जाते. या महिन्यात नोकरी सोड, नाहीतर घरात आजारपण येईल."

घरी येऊन तिने राजीनामा लिहिला. मी सोड म्हणालो नाही, सोडू नकोस असंही म्हणालो नाही. भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण ज्ञानदा त्सुकुबाहून आली. ती तिथल्या संशोधन संस्थेत बिनतारी सेन्सरवर काम करते. तिने राजीनामा वाचला, सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, "वहिनी, फ्रिज उघडला हे देवीला कळलं. मग हातात बर्फ होता हे का नाही कळलं?"

कश्मिरा हळूच म्हणाली, "सुनीताताई कुठे गेल्या हेही त्यांनी सांगितलं नाही. फक्त दार."

"फक्त दार," ज्ञानदा म्हणाली आणि आमच्या दारावरच्या काडेपेटीएवढ्या डबीकडे बोट दाखवलं.

शाळेतून एकट्या येणाऱ्या मुलांसाठी आणि घरी असणाऱ्या आजी-आजोबांसाठी इमारतीत घरोघरी दाराला, फ्रिजला असे सेन्सर लावले होते. दार उघडलं की आईबापांच्या फोनवर निरोप. "पण निरोप कुलूपबंद असतो," मी म्हणालो.

"निरोप असतो रे दादा. पण तो ज्या डबीने पाठवला तिचा नंबर उघडा असतो, आणि वेळ तर कुणीही घड्याळात बघू शकतं. महाराज घरी आले होते का?"

आले होते. श्रीयंत्र खाली ठेवण्याआधी, तेच काखोटीला मारून घरोघरी आशीर्वाद द्यायला. प्रत्येक ठिकाणी स्वतः दार उघडून, फ्रिज उघडून नैवेद्य ठेवला होता.

"म्हणजे कुठला नंबर कुणाच्या दाराचा, कुणाच्या फ्रिजचा, ते तेव्हाच टिपून झालं." ज्ञानदाला हसू आवरेना. तिने आमच्या डब्यांमध्ये थोडा बदल केला आणि शनिवारी आम्हाला योकोहामाला फिरायला पाठवून दिलं.

रविवारी महाराज गरजले, "कश्मिरा, काल घरी केवढी मेजवानी झाली. दार सत्तावन्न वेळा उघडलं, फ्रिज चाळीस वेळा. आईला मात्र घासभर नाही."

"काल सकाळपासून आम्ही योकोहामाला होतो," कश्मिरा म्हणाली. "घराला कुलूप होतं."

महाराजांनी आढ्याकडे बोट केलं. "पितर आले होते."

"पितरांना दार कशाला लागतं हो?" मागून इमारतीतल्या सगळ्यात वयस्क सिंधूआजींनी विचारलं. "आणि चाळीस वेळा फ्रिज? माझ्या सासऱ्यांना थंड पाणीसुद्धा चालत नव्हतं."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्या गोंधळात ज्ञानदा खालून श्रीयंत्र घेऊन आली. "उघडू नका, शाप लागेल," महाराज ओरडले. आजींनीच कापड सोडलं. तांब्याच्या पत्र्याखाली रेडिओ रिसीव्हर, बॅटरी आणि बारीक अँटेना. महाराजांच्या फोनवर पूर्ण आठवड्याची यादी पोहोचवणारा.

"आमच्या डब्या काल उगाचच निरोप पाठवत होत्या," ज्ञानदाने समजावलं. "आत लिहिलं होतं, 'काही झालं नाही.' पण बाहेरून खरा आणि खोटा निरोप सारखाच दिसतो. म्हणून महाराजांना मेजवानी दिसली."

नंदकिशोर पुढे आला. "म्हणजे बर्फच होता," एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला हसलेल्या सुनीताताईंनी त्याची माफी मागितली. तोवर कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. महाराज पोलीस यायच्या आत निघण्याच्या विचारात होते, पण दारात आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

सोमवारी कश्मिरा कामावर गेली. राजीनामा तिने फाडला, आणि मी तिला सॉरी म्हणालो, उशिरा का होईना.

आता इमारतीतली प्रत्येक डबी दर मिनिटाला निरोप पाठवते, काही घडो वा न घडो. चोरून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. बॅटरी लवकर संपते, ती आम्ही बदलतो. खासगीपणासाठी तेवढे कष्ट घ्यावे लागतात. तुमच्या घरातलं कुणी बरोबर सांगितलं, तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचारा: याला हे कळलं कसं, आणि याला काय कळलं नाही?