बर्फपेटीच्या पोटातला भुसा

"माझ्या जाडजूड लोखंडी पेटीत बर्फ दुपारपर्यंत टिकत नाही, तर या लाकडी खोक्यात काय डोंबल टिकणार? दिवेलागणीला खडा जरी उरला, तरी बर्फाचं पाणी भर चौकात डोक्यावर ओतून घेईन!" शेजारचा वेल्डर म्हणाला.

"आणि नाही उरला, तर खोकं तुझ्या चुलीत!" मासळीवाली मावशी तोऱ्यात म्हणाली.

मित्रांनो, ते खोकं म्हणजे मी. मी एक जुनी बर्फपेटी आहे. पैज यांची, जीव टांगणीला माझा!

सुताराने मला दुहेरी फळ्यांची केली आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासला. वर्षानुवर्षं मी मासळी ताजी ठेवली. गिऱ्हाईकं कौतुक मावशीचं करायची आणि बसायची माझ्या डोक्यावर!

सकाळी बर्फ भरून मला उन्हात ठेवलं. मावशीची कॉलेजातली भाची हिशेब मांडत बसली.

"पेटी जितकी मोठी आणि बाहेर जितकं तापलेलं, तितकी जास्त उष्णता आत शिरते. भिंत जाड असली की कमी. लोखंड उष्णता सुसाट नेतं, लाकूड रडतखडत." मग तिचा चेहरा पडला. "मावशी, दुपारीच संपतंय गं सगळं."

"मेले! गणित तपास की नीट!"

माझ्या तर फळ्या कुरकुरल्या. वेल्डर चुलीची राख काढायला लागलासुद्धा!

भाची कपाळाला हात लावून मला टेकली. उंदराने कुरतडलेल्या भोकातून भुरभुर भुसा तिच्या ओढणीवर पडला. ती ताडकन उठली.

"अगंबाई! मी नुसत्या फळ्याच धरल्या! मध्ये भुसा आहे. एकामागे एक थर असले की प्रत्येकाचा अडथळा बेरजेत येतो. आणि भुशात अडकलेली हवा तर लाकडापेक्षाही आळशी!"

"म्हणजे?"

"म्हणजे टिकतंय!"

तिने चिंधी कोंबून भोक बुजवलं. हुश्श!

दिवे लागले. मावशीने झाकण उघडलं. आत उशीएवढा बर्फ! मी सुटकेचा असा श्वास सोडला, की समोरच्या मांजरीला शिंक आली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला चुलीत घालण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. आणि भोक पडलं तर बुजवा, एवढंच मागणं.

"भाऊजी, या आता," मावशी गोड आवाजात म्हणाली.

"उद्या चालेल का? सर्दी झालीय."

"आत्ताच्या आत्ता!"

अख्खी गल्ली चौकात जमली. वेल्डरने डोळे मिटले, बादली उचलली आणि उपडी केली.

"आई गंऽऽऽ!"