रोहिणीच्या वाटणीचा चमचा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा कागद निम्मा फाटला आहे, म्हणून ओळख मीच सांगते. मी स्मरणशक्तीच्या टॉनिकची एक जुनी बाटली आहे. फाटलेल्या भागावर चष्मा घातलेला एक मुलगा पुस्तक वाचत होता. उरलेल्या भागावर ‘एकाग्रता’ एवढा एकच शब्द आहे.

दूरच्या एका कारखान्यात यंत्राने माझ्यात औषध भरले. त्यात ब्राह्मी होती, शंखपुष्पी होती, कसलीशी जीवनसत्त्वे होती. पण सगळ्यांत जास्त साखर होती. ती कोणी तोडलेल्या उसाची, हे मला कोणी सांगितले नाही.

पोळ्याच्या आधी मनिषा तलवाड्याच्या बाजाराला आली आणि मला घरी घेऊन गेली. ती आणि तिचा नवरा अभिमन्यू दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याला परततात. चौथीतली रोहिणी आणि दोन वर्षांचा पप्पू त्यांच्यासोबत. रोहिणीला मागचे काही आठवत नाही, असे शाळेतले सर म्हणाले होते. मनिषाने मला देवळीत ठेवले आणि लेकीला म्हणाली, “दसऱ्यापस्तोर गणित सुधारलं तर औंदा तुला शाळेच्या वसतिगृहात ठेवू. न्हाई तर तिकडंच यावं लागंल, बाई.”

पहिला चमचा रोहिणीने तोंडात घेतला आणि चुलीमागे थुंकला. चमच्यात उरलेले पप्पूने चाटले. दुसऱ्या दिवसापासून मनिषा पाण्याला गेली की चमचा पप्पूच्याच तोंडात. मला पाहिले की तो टाळ्या वाजवायचा.

रोहिणी मात्र एक दिवस शाळा चुकवीत नव्हती. मधल्या सुट्टीत सर तिला शेजारी बसवून दुसरी-तिसरीचे गणित पहिल्यापासून शिकवू लागले. घरी आली की पप्पूला मांडीवर घेऊन ती तेच त्याला शिकवायची. “एकं कमी पडले की दशकाकडून घ्यायचं, कळलं का रे?” पप्पू चमचा चोखत बसायचा.

गणपती उठले तोवर तिला वजाबाकी येऊ लागली, दसऱ्याच्या आत भागाकार. मनिषाने मला पदराने पुसले आणि शेजारच्या छबुबाईला दाखवले. “लई गुणाची बाटली हाय. पोरीचं डोकं उघडलं बघा.”

“मग आमच्या मालकाला बी दे दोन चमचे,” छबुबाई म्हणाली. “सकाळी कबूल केलेलं सांजच्याला आठवत न्हाई त्याला.”

दोघी हसल्या. न केलेल्या कामाची शाबासकी अंगावर घेत मी उभी होते.

दसरा झाला आणि मुकादमाचा निरोप आला. कोयत्याला धार लावता लावता अभिमन्यू म्हणाला, “अशा दोन बाटल्या घेऊ संगं. रोहिणी तिकडं पाचटाच्या कोपीत बसून अभ्यास करील. पप्पूला बी कुणी बघाया पायजे. तोडीत लेकरू कुठं ठेवायचं?”

“तिला कशाला न्यायचं? आपलं ठरलं होतं की.”

“तूच म्हणलीस ना, बाटलीनं झालं. मग शाळेवाचून काय अडलंय?”

मनिषाने चुलीतले लाकूड उगीच पुढे सारले.

तेव्हा रोहिणी उठली. “आबा, मी बाटली पिलेच न्हाई. रोज पप्पूनंच पिली. मला सरांनी शिकवलं म्हणून आलं.”

अभिमन्यूने कोयता खाली ठेवला. लेकीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “म्हंजे डोकं तुझं सोताचंच हाय. मग ते कुठं बी संगंच येतंय की.”

तो खरोखर कौतुकाने बोलत होता.

आठ दिवसांनी ते गेले. ट्रॅक्टरवर चढताना पप्पू रोहिणीच्या कडेवर होता. मी देवळीतच राहिले. तळाशी बोटभर औषध उरले आहे, त्याला मुंग्या लागल्या आहेत. शाळेची घंटा इथवर ऐकू येते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पाडव्यानंतर रोहिणी तुमच्या वर्गात परत येईल. तिला काही आठवले नाही, तर तिला विसराळू म्हणू नका. ते शिकवले तेव्हा ती तिथे नव्हती. ती उसाच्या फडाकडेला पप्पूला सांभाळत होती.